वीस हजारांत ग्राफिक्स कार्ड : इंदूरच्या रामबागेतल्या एका कॅबिनेटच्या नोंदी

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

श्रीखंड-पुरीचं जेवण आटोपलं आणि धाकट्या भावाने बरणीतले सात हजार रुपये माझ्यापुढे मोजून ठेवले. आजीने, मामाने, काकूने वेळोवेळी हातावर ठेवलेले, दोन वर्षं न मोडलेले. माझ्या शिकवण्यांतले तेरा हजार त्यात घातले. झाले वीस. त्याची दहावीची परीक्षा संपली आहे. उन्हाळा सरायच्या आत घरच्या कम्प्युटरला धड ग्राफिक्स कार्ड बसवायचं ठरलं. सात हजार ही त्याची सगळी पुंजी आहे. म्हणून घाईने काही घ्यायचं नाही आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची.

हाताशी काय आहे ते आधी. गेल्या वर्षी एक ऑफिस बंद झालं तेव्हा मामाने स्वस्तात मिळवून दिलेला कम्प्युटर : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, छोटी एसएसडी, जुनी हार्ड डिस्क, २२ इंची फुल एचडी मॉनिटर. ३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून ऑफिसवाल्यांनी जीटी ७१० लावलं होतं. ते पडद्यावर चित्र उमटवण्यापुरतंच.

धाकट्याला वॅलोरंट आणि जीटीए ५ न अडखळता खेळायचे आहेत, शिवाय नव्या गेम मध्यम सेटिंगवर. मला भूमितीचे धडे पडद्यावरून रेकॉर्ड करायचे असतात. रेकॉर्डिंग सुरू केलं की सगळं जडावतं, ते थांबायला हवं.

१ एप्रिल

मॉनिटरपासून सुरुवात केली, कारण कार्डाला काम मॉनिटरच नेमून देतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं धरली तर सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवायचे. आमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, त्यामुळे त्याहून जास्त चित्रं कार्डाने काढली तरी पडद्यावर दिसणार नाहीत. धाकट्याच्या मित्राने १४४० रेझोल्यूशनवर चालणारी कार्डं सांगितली होती. त्या पडद्यावर ठिपके ३६,८६,४०० असतात, म्हणजे काम पावणेदोन पटीहून जास्त. तो पडदा आपल्याकडे नाही. ती यादी तिथेच बाद केली.

२ एप्रिल

आजचा दिवस बाबांचा. मल्हारगंजात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही, पण विजेच्या कोणत्याही वस्तूची पट्टी वाचल्याशिवाय ते तिला हात लावत नाहीत. कॅबिनेट उघडलं आणि ते थेट एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडे वळले.

डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट. बाबांनी चष्मा लावून खालचा बारीक तक्ता वाचला आणि म्हणाले, "बारा व्होल्टला किती अँपिअर लिहिलंय बघ." १८. बारा अठरे दोनशे सोळा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारेतूनच घेतात. म्हणजे आमच्या कामाचा एसएमपीएस ४५० वॉटचा नाही, २१६ वॉटचा. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांचा, आणि त्या तारांना आजच्या कम्प्युटरमध्ये फार काम नसतं.

मग वहीत हिशेब. रायझन ५ ३६०० हा ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण जोर लावला की मदरबोर्ड त्याला ८८ वॉटपर्यंत देतो. पंखे, डिस्क वगैरे मिळून २० धरले. झाले १०८. राहिले १०८. बाबा म्हणाले, जुन्या वस्तूला पट्टीवरच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर नेऊ नये. म्हणजे १७३ पर्यंतच जायचं, आणि कार्डाला फक्त ६५ वॉट.

आत पाहिलं तर कार्डाला वीज देणारी आठ पिनांची तारही नाही. बाजारात मोलेक्सला (जुन्या चार पिनांच्या प्लगला) जोडून आठ पिना करणारी पट्टी मिळते, असं धाकटा म्हणाला. बाबांनी मान हलवली. त्यांच्या दुकानात जळून काळे पडलेले कनेक्टर रोज येतात. कनेक्टर वितळतो तो याच लोभापायी, एका बारीक तारेतून दोन तारांचं काम काढायला गेल्यामुळे.

५ एप्रिल, शनिवार

सिल्व्हर मॉल. आरएनटी मार्गावर जायच्या आधी पोहे-जिलबी, कारण नंतर दुपारपर्यंत पाय निघत नाही हे ठाऊक होतं. चार दुकानांत भाव विचारले, सगळे १८ टक्के जीएसटी धरून, पक्क्या बिलाचे.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबी : १६,८००. एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी : २०,३०० ते २१,०००. इंटेलचं आर्क बी५८० : २७ हजारांच्या पुढे. आरएक्स ६५०० एक्सटी एका दुकानात पडून होतं, १३,५००.

वरवर पाहता ६६०० हाताशी आलेलं. वीस हजार तीनशे म्हणजे तीनशे इकडे-तिकडे करू, असं धाकटा हळूच म्हणाला. पण आमचा एसएमपीएस ते चालवू शकत नाही. चांगला ५५० वॉटचा, ब्राँझ प्रमाणपत्राचा, चार हजारांच्या आसपास. म्हणजे ६६०० ची खरी किंमत आमच्यासाठी साडेचोवीस हजारांच्या आसपास. आणि ३०५० ६ जीबीला ७० वॉटच लागतात, बाबांच्या ६५ हून पाचच जास्त, वेगळी तार लागत नाही, स्लॉटमधूनच ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. त्याची खरी किंमत १६,८०० च. घरी येताना सिटी बसमध्ये आम्ही दोघंही गप्प होतो. दुकानातला भाव हा कार्डाचा अर्धाच भाव असतो, उरलेला अर्धा आपल्या कॅबिनेटमध्ये लिहिलेला असतो.

९ एप्रिल

३०५० च्या नावाची उकल. धाकट्याचा मित्र म्हणतो, "कार्ड तेच आहे ताई, फक्त मेमरी दोन जीबी कमी." तसं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या ३०५० मध्ये २५६० कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) आहेत, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४. त्याहून मोठा फरक मेमरीच्या रस्त्यात आहे : पहिल्याचा १२८ बिटांचा, दुसऱ्याचा ९६. दोन्हींची मेमरी १४ जीबीपीएसची, म्हणजे दर बिटाच्या वाटेने सेकंदाला १४ गिगाबिट. १२८ गुणिले १४ भागिले ८ म्हणजे सेकंदाला २२४ जीबी. ९६ गुणिले १४ भागिले ८ म्हणजे १६८. पाव रस्ता कापला आणि नाव तेच ठेवलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, पाऊण एचपीच्या मोटरवर एक एचपीची पट्टी लावल्यासारखं झालं. असं तेच नाव ठेवणं मला मनापासून चुकीचं वाटतं. कोअर आणि बिट मोजून कार्ड घेणारे थोडेच, बाकी सगळे नाव वाचून घेतात.

६६०० चा रस्ताही १२८ बिटांचा, २२४ जीबीचा, शिवाय चिपमध्येच ३२ एमबीची मोठी कॅश. वारंवार लागणारा माल तिथेच ठेवला की मेमरीपर्यंतच्या फेऱ्या वाचतात. निव्वळ गेमच्या वेगात ६६०० हे दोन्ही ३०५० च्या पुढे आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही. एनव्हिडियाचं डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) हवं असेल तर ३०५० ला मुद्दा आहे, आणि रेकॉर्डिंगचा एन्कोडरही (व्हिडिओ आवळून साठवणारा भाग) एनव्हिडियाचा सरस. पण एएमडीचं त्याच कामाचं एफएसआर तिसऱ्या आवृत्तीपर्यंत बहुतेक सगळ्या कार्डांवर चालतं, आणि माझ्या फळ्यावरच्या त्रिकोणांना ६६०० चा एन्कोडर भरपूर झाला.

६५०० एक्सटी दोन कारणांनी बाद. त्यात एन्कोडरच नाही, म्हणजे माझं रेकॉर्डिंग पुन्हा प्रोसेसरच्या डोक्यावर. दुसरं, ते मदरबोर्डशी चारच लेनने (डेटाच्या वाटांनी) बोलतं. स्लॉटची नवी पद्धत, पीसीआयई ४.०, असलेल्या बोर्डावर ते निभावतं. आमचा बी४५० पीसीआयई ३.० चा, तिथे चार लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी. त्याची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की कार्डाला रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि नेमकी ती वाट बोळासारखी. ६६०० ला आठ लेन आहेत, जवळजवळ ८ जीबी. थोडं नुकसान होईल, पण चालण्यासारखं.

आर्क बजेटबाहेरच आहे. शिवाय त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच, आणि जुन्या प्रोसेसरसोबत बी५८० मागे पडतं असं या वर्षीच्या चाचण्यांत दिसलं आहे.

१२ एप्रिल

वाईट दिवस. ओळखीतल्या एकाने सांगितलेल्या दुकानात आरएक्स ५८०, ८ जीबी, वापरलेलं, ५,५०० ला. "मैडम, आठ जीबी है, सब चलेगा." सोबत पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड, कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम, नेला होता. काउंटरवरच्या कम्प्युटरवर चालवला तर शेडर (म्हणजे कोअरच) २०४८. २०१७ च्या मूळ ५८० मध्ये ते २३०४ असतात. २०४८ वालं नंतर चीनच्या बाजारासाठी निघालं, ते खरं म्हणजे ५७० च. कार्ड खोटं नाही, पण खोक्यावर आणि चिठ्ठीवर तो आकडा कुठेच नव्हता. विचारल्यावर दुकानदार उखडला. आम्ही निघालो. धाकट्याला वाईट वाटलं, इतक्या कमी पैशांत काम होत होतं म्हणून. त्याला सांगितलं, १८५ वॉटचं जुनं कार्ड घेतलं तरी एसएमपीएसचे चार हजार लागणारच होते.

१९ एप्रिल

इथून विचार फिरला. आम्ही "एसएमपीएस तसाच ठेवून कोणतं कार्ड बसेल" असं विचारत होतो. एसएमपीएस एकदा चांगला घेतला तर तो पुढची आठ-दहा वर्षं या घरात राहील, दोन कार्डं त्यावर निघतील. मग चार हजार कार्डाच्या खात्यात का धरायचे? आधी तो घेऊ, आणि उरलेल्या सोळा हजारांत वापरलेलं ६६०० शोधू. बाबांना हे पटलं. वापरलेली वस्तू त्यांना चालते, फक्त ती कोणी आणि कशी वापरली हे कळायला हवं.

आईला पटलं नव्हतं. "दुसऱ्याचं वापरलेलं कशाला, मुलगा स्वतःचे पैसे घालतोय." तिचं म्हणणं खोटं नाही. तपासल्याशिवाय घेणार नाही असं तिला कबूल केलं.

२६ एप्रिल

मॉलमधून एसएमपीएस आणला, ५५० वॉट, ४,१५०. घ्यायच्या आधी दुकानातच खोक्यावरचा तक्ता वाचला : १२ व्होल्टला ४३ अँपिअर, म्हणजे ५१६ वॉट. दुकानदार काका खूश झाले. म्हणाले, हा तक्ता वाचणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतं, आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा शिक्का त्यांनी स्वतः उठवून दिला.

३ मे, शनिवार

मामेभावाच्या ओळखीतला एक मुलगा, विजयनगरला राहतो, नोकरीसाठी पुण्याला चाललाय आणि कम्प्युटर सुटा करून विकतोय. आरएक्स ६६००, दोन पंख्यांचं, १३,५०० सांगितले.

मायनिंगची (क्रिप्टो नाणी मिळवायला कार्ड रात्रंदिवस राबवण्याची) भीती सगळे घालतात, म्हणून आधी बिल मागितलं. ऑगस्ट २०२२. हा कागद मला फार मोलाचा वाटला. इथेरियम या क्रिप्टो नाण्याने १५ सप्टेंबर २०२२ ला आपली पद्धत बदलली आणि घरच्या कार्डांवरचं ते मायनिंग त्या दिवशी संपलं. म्हणजे या कार्डाने ते मायनिंग केलं असलंच तर फार तर दीड महिना. बिलावरचा सिरियल नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळवून पाहिला. जुळला.

मग हाताने तपासणी. दोन्ही पंखे बोटाने फिरवले, डुगडुग नाही. स्क्रूवरचा कागदी शिक्का शाबूत. पिनांवर काळपटपणा नाही. जीपीयू-झेडमध्ये शेडर १७९२, मेमरी ८ जीबी जीडीडीआर६, बस १२८ बिट, सगळं बरोबर. कार्डाला पूर्ण जोर लावायला लावणारा फरमार्क प्रोग्राम वीस मिनिटं. कार्डाचं तापमान ६७ वर स्थिर, पडद्यावर ठिपके नाहीत, रेघा नाहीत.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "खोलीत किती आहे?" एसी लावलेला होता, २५. ते म्हणाले, मग हे कार्ड ४२ अंश चढतं एवढंच खरं. ६७ हा आकडा या खोलीचा, आपल्या खोलीचा नाही. माझ्या शिकवणीतल्या मुलांना मी फरक आणि मूळ संख्या इतकी वर्षं शिकवते, आणि ही गोष्ट बाबांनी पाहिली. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी ३७ असतं. म्हणजे ७९ येणार. आणि कार्ड त्यात सुखरूप राहतं.

१२,५०० ला सौदा ठरला. मुलाने मूळ खोकं दिलं आणि धाकट्याला खाली गाडीपर्यंत सोडायला आला.

४ मे

बसवलं. जुन्या जीटी ७१० चे ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण काढले, मगच कार्ड बदललं. कॅबिनेटची लांबी आधीच टेपने मोजून ठेवली होती. दोन बोटांची जागा उरली.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. नव्या एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन तऱ्हेच्या तारा येतात. एक ४ अधिक ४ अशी उघडते, ती प्रोसेसरची. दुसरी ६ अधिक २ अशी, ती कार्डाची. दिसायला बहिणी, पण व्होल्टची मांडणी उलटी. जोर लावून चुकीची घुसवू नये. धाकट्याने प्रोसेसरचीच उचलली होती. बाबांनी हात धरला.

पहिल्या झटक्यात चित्र आलं. रात्री वॅलोरंट. धाकट्याने तासभर एक शब्द उच्चारला नाही. मी मागे बसून धडा रेकॉर्ड केला, आणि काहीही जडावलं नाही.

७ मे

रिसायझेबल बार सुरू करायला गेले आणि कम्प्युटर सुरूच होईना. कारण शोधायला दोन तास गेले. तो पर्याय चालू करायचा तर बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारा पर्याय, बंद करावा लागतो. आमची विंडोज मात्र ऑफिसवाल्यांनी जुन्या एमबीआर पद्धतीने (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी रीत) टाकलेली, आणि सीएसएम बंद झाला की ती डिस्क बूट होत नाही. सीएसएम परत चालू केला, डेटाची प्रत काढली, विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने आधी तपासणी आणि मग डिस्कचं रूपांतर केलं. नंतर सीएसएम बंद, बार चालू. सुरळीत. ज्यांचा कम्प्युटर वापरलेला आहे त्यांनी बायोसला हात लावायच्या आधी डिस्कची पद्धत पाहून घ्यावी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एका क्लिकवर दिसते.

११ मे

खोली ३७. तासभर गेम चालवून कार्ड ८१. हिशेबाने ७९ यायला हवं होतं. वरचे दोन अंश बंद कॅबिनेटचे. पुढच्या बाजूला एक पंखा, ४५० रुपये, आत हवा ओढणारा. ७७.

मग व्होल्टेज. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ११५० मिलिव्होल्ट होतं, ते उष्णता घटावी म्हणून २० नी उतरवत गेले. १०७० ला गेम कोसळली. १०९० ला दोन दिवस चालवून पाहणार. प्रत्येक चिप वेगळी, त्यामुळे हा आकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही, पद्धत कामाची. चित्रांचा वेग ७५ ला बांधला, मॉनिटर त्यापुढचं दाखवतच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कार्ड १०० वॉटच्या आत दिसतं, त्यावर जाऊ नये. पूर्ण कार्डाचा कंपनीचा आकडा १३२ आहे. बाबांनी क्लॅम्प मीटर लावला : गेम चालू असताना मॉनिटर सोडून ०.९ अँपिअर, व्होल्टेज २३२. दोनशे वॉटच्या आसपास. रोज चार तास म्हणजे महिन्याला साधारण २४ युनिट. आईला हा आकडा सांगितला. तिने दिवसाचे तीन तास मंजूर केले.

१३ मे

१०९० टिकलं. खोली ३७, कार्ड ७२.

२० मे

काल आरटीएक्स ५०६० बाजारात आलं. धाकट्याने बातमी वाचून दाखवली, १४५ वॉट, ८ जीबी. मी वाट पाहत होते तो पुढे काय म्हणतो याची. तो म्हणाला, "ताई, आपला एसएमपीएस तेही चालवेल ना?" चालवेल. त्यालाही आठ लेनच आहेत, म्हणून पीसीआयई ३.० चा बोर्ड मात्र तोपर्यंत बदललेला बरा. त्याने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं.

एकूण खर्च : कार्ड १२,५००, एसएमपीएस ४,१५०, पंखा ४५०. सतरा हजार शंभर. दोन हजार नऊशे परत बरणीत, एसएसडीसाठी.

२२ जून

रात्रभर पाऊस. खोली २९, तीच गेम, तेवढाच वेळ. मी आधी कागदावर ६४ लिहिलं आणि कागद बाबांच्या हातात दिला. कार्ड ६४.